यंत्राला स्मृती किती हवी?

दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघाली की प्रत्येक घरात काही वस्तूंचा निवाडा व्हावयाचा असतो. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून पुन्हा मांडणीवर चढतात, मोडका आकाशकंदील भंगारात जातो, आणि काही वस्तू अशा उरतात की त्यांचे काय करावे हे कोणालाच ठरवता येत नाही. अलीकडे या तिसऱ्या वर्गात एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचा दहा-बारा वर्षांचा जुना संगणक. तो बंद पडलेला नसतो, पण चालतो असेही छातीठोकपणे म्हणवत नाही. बटण दाबून चहाचे आधण ठेवावे, तर चहा पिऊन कप विसळून झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. आजोबा म्हणतात, ‘चालतोय ना, मग असू द्या.’ नातू म्हणतो, ‘आजोबा, आता नवाच घेऊ या.’ आणि दुकानदार दोघांनाही पटेल असा मधला मार्ग सुचवतो : ‘रॅम वाढवून घ्या, साहेब. पळायला लागेल.’

हा मधला मार्ग खरा की नुसता सोयीचा? प्रश्न दिसावयास दुकानदारीचा आहे, परंतु त्याच्यामागे पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. यंत्राला स्मृती किती द्यावी, आणि ती कमी पडू लागली म्हणजे वाढवावी की यंत्रच बदलावे, हा विचार संगणकाच्या जन्मापासून त्याच्या पाठीस लागलेला आहे. मोठमोठ्या विद्वानांनी त्यावर डोके खपवले, आणि त्यांनी काढलेली उत्तरे आपल्या कोपऱ्यातल्या यंत्रालाही जशीच्या तशी लागू पडतात.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. घरोघर ‘मेमरी भरली’ असे म्हणतात तेव्हा बहुधा फोटो आणि चित्रफिती ठेवावयास जागा उरली नाही असा अर्थ असतो. ती जागा डिस्कची. रॅम निराळी. स्वयंपाकघराचा दृष्टान्त घेतला तर डिस्क हे फडताळ आहे आणि रॅम हा ओटा आहे. डबे, बरण्या, वर्षाची साठवण सारी फडताळात, पण प्रत्यक्ष कामाला जे लागते ते ओट्यावर काढून घ्यावे लागते. फडताळ भरले म्हणून ओटा वाढवून भागत नाही, आणि ओटा तोकडा पडला तर फडताळ कितीही मोठे असून उपयोग नाही. आणखी एक भेद म्हणजे वीज गेली की ओटा पुसून लख्ख होतो. फडताळातले मात्र जागच्या जागी राहते.

हा ओटा पहिल्याने केवढा होता हे ऐकले तर आश्चर्य वाटेल. २१ जून १९४८ या दिवशी इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात, आपल्याच विद्युत्-स्मृतीत साठवलेल्या आज्ञांबरहुकूम काम करणारे एक यंत्र प्रथम चालले. फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न हे त्याचे प्रमुख कर्ते. त्याची स्मृती ३२ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ३२ बिटांचा होता. म्हणजे सारे मिळून १,०२४ बिट, किंवा १२८ बाइट. आज देवनागरीतले एक चिन्ह साठवावयास सामान्यतः ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने मँचेस्टरच्या यंत्रात आपली ४२ चिन्हे मावली असती, लग्नपत्रिकेवरील एखाद्या ओळीएवढी. एवढ्या भांडवलावर त्याने १७ आज्ञांच्या जोरावर एका मोठ्या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक ५२ मिनिटे खपून शोधून काढला.

ही स्मृती साठवली होती दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या एका काचनळीवर, विजेच्या ठिपक्यांच्या रूपाने. ते ठिपके क्षणार्धात विरून जात, म्हणून यंत्राला ते सारखे वाचून पुन्हा लिहावे लागत. पुढच्याच वर्षी, मे १९४९ मध्ये, केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांचे ‘एडसॅक’ चालू झाले. तेथे स्मृती होती पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांत. नळीच्या एका टोकाने ध्वनीचा ठोका सोडावयाचा, तो पाऱ्यातून प्रवास करून दुसऱ्या टोकाला पोचला की पकडून पुन्हा पहिल्या टोकाकडे पाठवावयाचा. पाढे विसरू नयेत म्हणून मुलाने ते अखंड घोकत राहावे, तसला हा प्रकार!

आपल्याकडे या विद्येचे आगमन फार उशिरा झाले नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये इंग्लंडहून एक संगणक आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र यंत्र विकत न आणता स्वतः बांधावयाचे ठरवले. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी १९५६ मध्ये छोटा नमुना उभा केला आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लावले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे १०,२४० बाइट. आपण आता वाचीत आहात त्या लेखाचा जेमतेम पाव भाग तीत मावला असता. आजच्या साध्या ८ गिगाबाइटच्या यंत्राची स्मृती टिफ्रॅकच्या सुमारे ८ लाख ३९ हजार पट भरते.

टिफ्रॅकचा पुढचा इतिहास आपल्या विषयाशी फार जवळचा आहे. यंत्र तयार झाले तोवर निर्वात नळ्यांचा जमाना मागे पडून ट्रान्झिस्टरचा आला होता. संस्थेची कामे वाढत होती. १९६४ मध्ये संस्थेने अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे नवे यंत्र आणले आणि टिफ्रॅकला निवृत्ती मिळाली. स्वतःच्या हातांनी जोडलेले यंत्र बाजूस सारताना कोणाला वाईट वाटले नसेल असे नाही. परंतु यंत्राचा सारा सांगाडाच मागच्या पिढीचा झाला असता नुसती स्मृती वाढवून तो पुढच्या पिढीत येत नाही, हा धडा मुंबईकरांनी तेव्हाच घेतला होता.

टिफ्रॅकची स्मृती ज्या पद्धतीची होती ती ‘कोअर’ स्मृती. फेराइटची बारीक कडी तारांच्या जाळीत ओवावयाची, एका दिशेने चुंबकित झाली तर शून्य आणि उलट दिशेने झाली तर एक. अमेरिकेतील एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांनी ती १९५३ मध्ये ‘व्हर्लविंड’ यंत्रात बसवली. मोत्यांची जाळी विणावी तसे हे काम हातांनी चाले, म्हणून ते महाग पडे. तरी ती इतकी भरवशाची ठरली की तिच्या हक्कांपोटी १९६४ मध्ये आयबीएमने एमआयटीला १ कोटी ३० लाख डॉलर मोजले. त्या काळी ‘थोडी स्मृती वाढवून घ्या’ असे कोणी सहज म्हणत नसे.

हे चित्र पालटले ते रॉबर्ट डेनार्ड या आयबीएममधील अभियंत्याच्या एका कल्पनेने. १९६६ मध्ये त्यांना सुचले की एक बिट साठवावयास एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार धरणारे एक सूक्ष्म भांडे एवढेच पुरेसे आहे. १९६८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. भांड्यात भार असला तर एक, नसला तर शून्य. यातली उणीव एवढीच की भांडे गळके आहे. म्हणून ते रिकामे होण्याच्या आत पुन्हा भरावे लागते. आपल्या संगणकातील रॅम आजही हेच करते. साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदातून पंधरा-सोळा वेळा, ती आपली सारी स्मृती उजळून घेते. मँचेस्टरच्या नळीतली घोकंपट्टी अशी अजून चालूच आहे! १९७० मध्ये इंटेलने ‘११०३’ नावाची चिप याच तत्त्वावर बाजारात आणली. तिच्यात १,०२४ बिट मावत, अगदी १९४८ च्या यंत्राच्या साऱ्या स्मृतीएवढे. बावीस वर्षांत काचनळी नखाएवढी झाली होती.

परंतु स्मृती स्वस्त होण्यापूर्वीच, ती पुरवून कशी वापरावी यावर एक सुंदर युक्ती निघाली होती. तीही मँचेस्टरलाच आणि त्याच किलबर्न यांच्या मंडळींकडून. १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅटलस’ यंत्रात त्यांनी स्मृतीचे लहान लहान भाग पाडले, त्यांना ‘पाने’ म्हटले, आणि जे पान सध्या लागत नाही ते यंत्राने आपण होऊन आतल्या फिरत्या ड्रमवर नेऊन ठेवावे, लागले की परत आणावे, अशी व्यवस्था केली. कार्यक्रम लिहिणाऱ्याला वाटे की आपल्याजवळ प्रशस्त स्मृती आहे. वास्तविक ओटा तेवढाच, पण फडताळाची ने-आण कोणीतरी पडद्याआड करीत असे. आजच्या प्रत्येक संगणकात ही युक्ती आहे.

मात्र ती युक्ती मर्यादेपलीकडे ताणली म्हणजे काय होते? दिवाळीच्या फराळाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर दोन पराती मावतात. एकीत करंजीचे सारण, दुसरीत चकलीची भाजणी, येथवर ठीक. तेवढ्यात लाडवाचा पाक तयार होतो, शंकरपाळ्यांची कणीक हाक मारते, आणि प्रत्येक वेळी एक परात उचलून फडताळात ठेवावी तो तीच पुन्हा हवी होते. थोड्याच वेळात घरातली सारी माणसे नुसत्या पराती वाहून दमतात आणि एकही चकली तळली जात नाही. संगणकाच्या या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ असे नाव आहे. आपण तिला धडपड म्हणू. १९६८ मध्ये पीटर डेनिंग या तरुण संशोधकाने या धडपडीची मीमांसा केली. त्यांचे म्हणणे असे की, कोणतेही काम चालू असताना एका वेळी स्मृतीची काही ठराविकच पाने वारंवार लागतात. तो त्या कामाचा ‘चालू संच’. चालू कामांचे संच मिळून स्मृतीत मावले तर यंत्र सुखाने चालते. मावले नाहीत तर यंत्र थोडे मंद न होता एकदम कोसळल्यासारखे होते.

जुन्या संगणकाच्या निवाड्याची किल्ली या सिद्धान्तात आहे. चालू संच मावत नसेल तर वाढवलेली प्रत्येक वीतभर जागा सोन्याच्या मोलाची. पण तो मावत असेल, तर पुढची हातभर जागा वाढवूनही चकल्या लवकर तळून होत नाहीत. म्हणून ‘रॅम वाढवली की यंत्र पळते’ हे वाक्य खरेही आहे आणि खोटेही. कोणाच्या यंत्राविषयी बोलतो आहोत हे पाहिल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

पाहावयास दोन मिनिटे पुरतात. घरातला संगणक विंडोजवर चालत असेल तर रोजची कामे उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावी. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो, त्यात स्मृती किती भरली आणि डिस्क किती राबते आहे हे दिसते. एका कामावरून दुसऱ्यावर जाताच यंत्र अडते, स्मृती काठोकाठ भरलेली असते आणि त्याच वेळी डिस्क एकसारखी राबत असते, तर ही डेनिंग यांची धडपड होय. तेथे रॅमच हवी. पण स्मृती अर्धी रिकामी आणि तरी यंत्र मंद, तर दुखणे निराळे. विशेषतः यंत्र सुरू व्हावयासच चहाचा वेळ लागत असेल, तर तो दोष बहुधा फिरत्या डिस्कचा असतो. सुरुवातीला ओटा रिकामाच असतो, सारे फडताळातून काढावे लागते. रॅम आणि फिरती डिस्क यांच्या चपळाईत ढोबळ मानाने लाखपटीचे अंतर आहे. ओट्यावरची वाटी उचलावयास एक सेकंद लागतो असे धरले, तर डिस्कच्या फडताळातून ती आणावयास एका अहोरात्रीहून अधिक काळ लागेल! फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर हेच अंतर पंधरा-वीस मिनिटांवर येते. म्हणून पुष्कळ जुन्या यंत्रांना रॅमपेक्षा एसएसडीनेच अधिक गुण येतो.

पैशांचा हिशेबही विद्वानांनी सोडलेला नाही. जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८० नंतरच्या दशकात डिस्कची आणि रॅमची किंमत समोरासमोर ठेवून ‘पाच मिनिटांचा नियम’ काढला. जी माहिती दर पाच मिनिटांत निदान एकदा लागते ती रॅममध्ये ठेवणे परवडते, त्याहून क्वचित लागणारी डिस्कवर बरी. आकडे काळाप्रमाणे बदलले, विचार तोच राहिला. घरच्या भाषेत सांगावयाचे तर रोज लागणारे मीठ ओट्यावर, वर्षातून एकदा लागणारा कंदील माळ्यावर.

मात्र या व्यापारातल्या किमती आपल्या हातात कधीच नव्हत्या. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निहामा गावातील एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिपा बंद करावयास लागणारी राळ मुख्यतः तेथून येई, त्यामुळे जगभर रॅमच्या किमती भडकल्या. १९९५ मध्ये तर ‘सॉफ्टरॅम ९५’ या नावाने नुसत्या फ्लॉपीवरून स्मृती दुप्पट करून देतो म्हणणारा माल खपला. तो काहीच करीत नाही असे उघडकीस आले आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कारवाई केली. पुढे काही उत्पादकांनी १९९९ ते २००२ च्या दरम्यान संगनमताने भाव ठरवल्याचे सिद्ध होऊन मोठे दंड झाले. एकट्या सॅमसंगला २००५ मध्ये ३० कोटी डॉलर. आणि २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनी स्मृतीच्या चिपा ओढून घेतल्याने भाव पुन्हा झपाट्याने चढले. त्या डिसेंबरात मायक्रॉन या कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रूशल’ हा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने सांगितलेला भाव असा हजारो कोसांवरून ठरून येतो.

तरीही कोणी म्हणेल, की यंत्र पूर्वी चांगले चालत होते, आताच का अडते? याचे उत्तर असे, की यंत्र मंदावलेले नसते, त्याच्यावरचा भार वाढलेला असतो. १९९५ च्या विंडोजला निदान ४ मेगाबाइट स्मृती लागे, २०२१ च्या विंडोज ११ ला निदान ४ गिगाबाइट लागते. सव्वीस वर्षांत हजारपटीहून थोडी अधिक! स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार केली होती, की यंत्रे जितकी वेगवान होतात त्याहून अधिक वेगाने कार्यक्रम जड होत जातात. ओटा वाढला की पराती वाढतात, हा अनुभव गृहिणींना विर्थ यांच्याही आधीपासून आहे.

शिवाय काही बंधने अशी आहेत की पैसे टाकूनही ती ओलांडता येत नाहीत. ३२ बिटांची प्रणाली असेल तर साधारणतः ४ गिगाबाइटपलीकडची स्मृती तिला दिसतच नाही. रॅमच्या पट्ट्यांच्याही पिढ्या आहेत : डीडीआर३ २००७ ची, डीडीआर४ २०१४ ची, डीडीआर५ २०२० ची. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नाही. त्यामुळे जुन्या यंत्रासाठी घेतलेली पट्टी बहुधा पुढच्या यंत्राच्या कामी येत नाही, त्या यंत्राबरोबरच ती संपते. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. दहा-बारा वर्षांची पुष्कळ यंत्रे विंडोज ११ ला चालत नाहीत, आणि त्याचे कारण स्मृतीची उणीव नसून जुना प्रोसेसर किंवा सुरक्षा-चिपेचा अभाव हे असते. तेथे कितीही रॅम घातली तरी दार उघडत नाही. लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून अशा यंत्राला आणखी काही वर्षे कामाला लावता येते, ही गोष्ट निराळी.

तात्पर्य, निवाडा करावयाचा तो असा. पत्रे लिहिणे, हिशेब, बातम्या, परदेशी असलेल्या मुलांशी बोलणे एवढेच काम असेल, चालू संच मावत असेल, तर रॅमला हात लावू नये. यंत्रात २ किंवा ४ गिगाबाइट आहे, खाच रिकामी आहे, धडपड डोळ्यांना दिसते आहे, आणि जुनी वापरलेली पट्टी माफक दरात मिळते आहे, तर खुशाल घ्यावी. डिस्क फिरती असेल तर आधी एसएसडीचा विचार करावा. आणि रॅम, एसएसडी, नवी प्रणाली असे सारेच बदलावयाची पाळी आली, तर कोलाब्याच्या मंडळींनी १९६४ मध्ये केले तेच करावे. जुन्याला सन्मानाने निवृत्त करावे.

परंतु यांपैकी काहीही करण्याआधी एक खर्च अवश्य करावा. रॅममधले सारे वीज जाताच पुसले जाते आणि त्याबद्दल कोणी रडत नाही. बारा वर्षे फिरत आलेली डिस्क मात्र एखाद्या दिवशी न सांगता थांबते, आणि तिच्यात असतात नातवाच्या बारशाचे फोटो, आईच्या आवाजातली आरती, कोणा दिवंगत काकांनी टंकून ठेवलेली घराण्याची वंशावळ. त्यांच्या दोन प्रती निराळ्या दोन जागी करून ठेवाव्या. यंत्राला स्मृती किती हवी याचा हिशेब दोन मिनिटांत मांडता येतो आणि चुकला तर थोड्या पैशांत सुधारता येतो. ही दुसरी स्मृती एकदा गेली की कोणत्याही बाजारात मिळत नाही, म्हणून पहिला रुपया तिच्यावर खर्चावा.